उसाच्या साखरेचं यीस्ट काय काय करतं

मुंबईतल्या पंपावर आज पाच लिटर पेट्रोल भरलं, तर त्यातलं जवळजवळ एक लिटर यीस्टने बनवलेलं असतं. 'ई२०' म्हणजे तेच: ऐंशी टक्के पेट्रोल, वीस टक्के इथेनॉल. इथेनॉल हे साधं अल्कोहोल, आणि आपल्याकडे इंधनात मिसळलं जाणारं जवळपास सगळं इथेनॉल यीस्टकडून करून घेतलेलं असतं. माहुलच्या रिफायनऱ्या कच्च्या तेलातून पेट्रोल काढतात. उरलेला पाचवा हिस्सा साखर कारखान्यांच्या आणि धान्यावर चालणाऱ्या डिस्टिलऱ्यांमधून टँकरने येतो. डोळ्यांना न दिसणारा हा जीव ते काम कसं करतो आणि त्याच्याकडून आणखी काय करून घेता येईल, हे आपण समजून घ्यायलाच हवं असं मला वाटतं. महाराष्ट्राइतका ऊस आणि इतक्या डिस्टिलऱ्या एका ठिकाणी असलेले प्रदेश जगात थोडेच आहेत.

यीस्ट ही बुरशीच, पण शिळ्या भाकरीवर दिसते तशी तंतूंची नव्हे. तिची एकेक पेशी स्वतंत्र जगते. पेशीचा आकार पाच ते दहा मायक्रॉन, म्हणजे शंभर-दोनशे पेशी ओळीने लावल्या तर एक मिलिमीटर भरेल. खायला-प्यायला चांगलं मिळालं की पेशीच्या अंगाला कोंब येतो, तो वाढून सुटा होतो, आणि दीडेक तासात एकीच्या दोन होतात. पाव, वाइन, डिस्टिलरी या सगळीकडे मुख्यतः एकच जात कामाला असते, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. पाववाल्याला तिच्याकडून गॅस हवा असतो. पिठात तयार झालेलं थोडं अल्कोहोल भट्टीत उडून जातं. डिस्टिलरीला अल्कोहोल हवं असतं आणि गॅस नको असतो. वसईकडे पहाटे उतरवलेली गोड नीरा दुपारपर्यंत फेसाळून ताडी होते, तिथेही हेच चाललेलं असतं. फक्त यीस्ट कुणी टाकलेलं नसतं, ते झाडावरून आणि मडक्यातून आपणहून आलेलं असतं.

फ्रान्समध्ये लुई पाश्चरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात दाखवून दिलं की आंबवणं हे जिवंत यीस्टचं काम आहे. १८९७ मध्ये जर्मनीच्या एडुआर्ड बुखनरने त्याच्या पुढची गोष्ट शोधली. त्याने यीस्ट वाळूबरोबर खलून त्याचा रस पिळून काढला. त्यात एकही जिवंत पेशी नव्हती, तरी साखर घातल्यावर तो रस बुडबुडू लागला. म्हणजे काम पेशीतली एन्झाइम्स, रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिनं, करतात. या शोधासाठी त्याला १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज यीस्टमध्ये एखादं नवं एन्झाइम बसवून त्याच्याकडून नवा पदार्थ करून घेतात, त्याचं मूळ या प्रयोगात आहे.

आता खरा गाभा. तो कळला की पुढचं सगळं सोपं होतं.

ग्लुकोजच्या रेणूत सहा कार्बन असतात. यीस्ट त्याचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे करतं. या तोडण्यातून पेशीला एटीपीचे दोन रेणू निव्वळ सुटतात, आणि जगायला, वाढायला लागणारी ऊर्जा त्यांतून मिळते. यीस्टला साखरेतून हवं असतं ते एवढंच. पण साखर तोडताना तिच्यातून इलेक्ट्रॉनही निघतात, आणि ते उचलून न्यायला पेशीकडे एनएडी नावाचा रेणू असतो. तो मोजकाच असतो. भाऊच्या धक्क्यावर बोट लागली की मासळी टोपल्यांतून उतरते. टोपल्या मोजक्या असल्या तर भरलेली टोपली कुठेतरी रिकामी होऊन परत आल्याशिवाय पुढची मासळी उतरत नाही. एनएडी ही पेशीची टोपली आहे. सगळ्या टोपल्या भरलेल्याच राहिल्या, तर समोर कितीही साखर असली तरी पेशीचं काम ठप्प होतं.

हवा असेल तर या टोपल्या शेवटी ऑक्सिजनवर रिकाम्या होतात. आपल्या शरीरातही बहुतेक वेळ तेच चालतं. हवा नसेल तेव्हा यीस्ट वेगळी वाट धरतं. तीन कार्बनच्या तुकड्यातून एक कार्बन, कार्बन डायऑक्साइड म्हणून, सोडून देतं. उरलेल्या दोन कार्बनचा पदार्थ म्हणजे ॲसिटाल्डिहाइड. त्याच्यावर टोपली रिकामी केली की त्याचं इथेनॉल होतं, आणि टोपली पुन्हा कामाला येते. इतके कष्ट करून आपण जे अल्कोहोल मिळवतो, ते यीस्टसाठी टोपल्या रिकाम्या करण्याची जागा आहे.

हा हिशेब बदलला की पदार्थ बदलतो. पहिल्या महायुद्धात जर्मनीची सागरी कोंडी झाली आणि चरबी-तेलाची आयात आटली. ग्लिसरीन तेव्हा चरबीतून मिळत असे, आणि स्फोटकांसाठी ते लागत होतं. कार्ल न्यूबर्गच्या संशोधनाच्या आधारे तिथल्या रसायनतज्ज्ञांनी यीस्टच्या टाक्यांत सोडियम सल्फाइट घातलं. सल्फाइट ॲसिटाल्डिहाइडला धरून ठेवतं, त्यामुळे टोपल्या रिकाम्या करायची नेहमीची जागाच बंद झाली. यीस्टने मग साखरेच्या अर्धवट तुटलेल्या एका तुकड्यावर टोपल्या रिकाम्या करायला सुरुवात केली, आणि त्या तुकड्याचं ग्लिसरीन झालं. कुठलाही जनुक न बदलता, एका रसायनाच्या जोरावर, हजारो टन ग्लिसरीन असं बनवलं गेलं. युद्धासाठी झालेलं काम म्हणून ते आठवताना जड वाटतं. पण पेशीच्या या हिशेबाचं याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

एक गोष्ट मात्र विचित्र वाटेल. साखर भरपूर असेल तर हे यीस्ट हवा असतानाही अल्कोहोलच बनवतं. हवेच्या वाटेने कित्येक पट ऊर्जा मिळाली असती, तरीही. पण अल्कोहोलची वाट वेगवान आहे, साखर भराभर संपवता येते, आणि अल्कोहोलमुळे आसपासचे जिवाणू मरतात. साखर संपली की तेच यीस्ट सावकाश ते अल्कोहोल खाऊन टाकतं. बेकरीसाठी यीस्ट बनवणाऱ्या कारखान्यांना म्हणून मळी, म्हणजे साखर काढून उरलेला पाक, एकदम ओतून चालत नाही. ते टाकीत जोराने हवा सोडतात आणि मळी बेताबेताने घालतात, म्हणजे साखर कायम तुटपुंजी राहते आणि अल्कोहोलऐवजी यीस्टच वाढतं.

थोडं वजन-माप. १८० ग्रॅम ग्लुकोजमधून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतं. जवळपास निम्मं वजन हवेत जातं, हे ऐकून तोट्याचा धंदा वाटेल. पण जाळल्यावर मिळणाऱ्या उष्णतेच्या भाषेत पाहिलं, तर ग्लुकोजमधली सुमारे ९७ टक्के ऊर्जा त्या ९२ ग्रॅममध्ये शिल्लक असते. यीस्ट साखरेतला जळून गेलेला भाग वेगळा काढतं आणि जळू शकणारा भाग हलका करून हाती देतं. इंधन म्हणून इथेनॉल लोकप्रिय होण्यामागे हे रसायन आहे.

घरी करून पाहायचं असेल तर कोमट पाण्यात दोन चमचे साखर आणि अर्धा चमचा कोरडं यीस्ट घाला आणि बाटलीच्या तोंडावर फुगा चढवा. दहा ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर मुंबईच्या हवेत साधारण पावणेतीन-तीन लिटर गॅस तयार होतो, म्हणून फुगा मोठा घ्या. बाटलीला घट्ट बूच मात्र लावू नका. काच फुटू शकते.

डिस्टिलरीत हेच लाखो लिटरच्या टाक्यांत चालतं. कारखान्यात उसाचा रस आटवून साखरेचे दाणे काढतात आणि दाट काळा पाक उरतो, ती मळी. साखर काढून काढून शेवटी उरते ती सी-हेवी मळी. त्याच्या एक पायरी आधी थांबलं तर बी-हेवी, जिच्यात साखर जास्त असते. एका टन सी-हेवीतून साधारण सव्वादोनशे लिटर इथेनॉल मिळतं, बी-हेवीतून तीनशेच्या आसपास, आणि एका टन उसाचा थेट रस वापरला तर सत्तरेक लिटर. मळीत पाणी घालून ती पातळ करतात आणि यीस्ट सोडतात. आंबताना टाकी तापते. तापमान पस्तिशीच्या वर गेलं की यीस्ट थकू लागतं, म्हणून आपल्या उन्हाळ्यात टाकी थंड ठेवणं हेच मोठं काम होऊन बसतं. दीडेक दिवसात अल्कोहोल आठ-दहा टक्क्यांवर पोचतं. ते उकळून वेगळं काढायचं, पण साध्या ऊर्ध्वपातनाने सुमारे ९५ टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही; तिथे पाणी आणि अल्कोहोल एकत्रच उकळतात. राहिलेलं पाणी काढायला ते झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाच्या बारीक खड्यांतून नेतात. त्यांच्या छिद्रांत पाण्याचा रेणू शिरतो, अल्कोहोलचा शिरत नाही. पेट्रोलमध्ये मिसळायला ९९.५ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल लागतं, ते असं मिळतं.

मागे उरतो स्पेंट वॉश. लिटरभर अल्कोहोलमागे आठ-दहा लिटर, कधी त्याहूनही जास्त, गडद तपकिरी आणि सेंद्रिय पदार्थांनी भरलेला. तो ओढ्यात सोडला तर पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. त्यातून बायोगॅस काढणं, तो आटवून बॉयलरमध्ये जाळणं, त्यातलं पोटॅश खतासाठी परत मिळवणं, हे सगळं करता येतं आणि आता करावंही लागतं. इथेनॉलला हरित इंधन म्हणायचं की नाही, हे मी आधी त्या डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशवरून ठरवीन.

ऊस आणि पाणी हा दुसरा प्रश्न. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये आपल्याकडच्याच मिरज आणि मनमाडला आणि उत्तर प्रदेशात बरेलीला झाले. दहा टक्क्यांचा टप्पा २०२२ मध्ये गाठला गेला आणि २०२५ पर्यंत वीस टक्केही झाले. वेग कौतुकाचा आहेच. पण नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी धरलेलं आहे, आणि आपला बराच ऊस पाणी कमी असलेल्या जिल्ह्यांत उभा असतो. पाऊस कमी झाला तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं घातली, पुढच्या वर्षी ती उठवली. मग मका आणि तुकडा तांदूळ आले. यीस्टला स्टार्च खाता येत नाही, त्यामुळे तिथे आधी एन्झाइम घालून स्टार्चची साखर करावी लागते. शिवाय लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून त्यासाठी न बनवलेल्या गाडीचं ॲव्हरेज थोडं उतरतं. तक्रार करणारे वाहनचालक खोटं बोलत नाहीत.

साखर, मका, तांदूळ हे सगळं माणसाचं किंवा जनावराचं खाणं आहे. जे कुणी खात नाही, त्यातली साखर काढता आली तर? उसाचं चिपाड, भाताचा पेंढा, कापसाच्या पऱ्हाट्या, सगळ्यांत सेल्युलोज असतं, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचीच लांब साखळी. पण झाडाने ती टिकण्यासाठी बनवलेली असते आणि लिग्निन नावाच्या चिवट पदार्थाने लिंपून ठेवलेली असते. ती आधी आम्लाने, वाफेने, दाबाने मोकळी करायची, मग एन्झाइमने तोडायची, मग यीस्टला द्यायची. मोकळी करताना फरफ्युरलसारखे पदार्थ तयार होतात आणि ते यीस्टला मारक ठरतात. या वाटेवर मुंबईचं काम मोलाचं आहे. माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, जिला जुने मुंबईकर अजून यूडीसीटी म्हणतात, १९३३ पासून उभी आहे. तिथल्या जैवऊर्जा केंद्राने विकसित केलेल्या तंत्रावर उत्तराखंडात काशीपूरला २०१६ मध्ये रोज दहा टन काडीकचरा वापरणारा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. २०२२ मध्ये पानिपतला इंडियन ऑइलचा मोठा प्रकल्प झाला. वर्षाला दोन लाख टन पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल हे त्याचं उद्दिष्ट, आणि तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं.

चिपाड-पेंढ्यात आणखी एक अडचण लपलेली आहे. त्यातल्या साखरेचा मोठा भाग झायलोज असतो, पाच कार्बनची साखर. आपल्या नेहमीच्या यीस्टला ती पचवता येत नाही. ती पचवणाऱ्या दुसऱ्या यीस्टमधली दोन एन्झाइम्स शास्त्रज्ञांनी यात बसवली, पण नवीच गोची झाली. पहिलं एन्झाइम मुख्यतः एका प्रकारची टोपली रिकामी करतं आणि दुसरं भलत्याच प्रकारची भरतं. दोन्हींचा मेळ बसत नाही आणि काम मधल्याच पदार्थावर, झायलिटॉलवर, अडकतं. उत्तर सापडलं ते भारतीय हत्तीच्या शेणातून वेगळ्या केलेल्या पायरोमायसिस नावाच्या बुरशीत. तिच्यातलं एन्झाइम टोपलीला हातच लावत नाही. झायलोजचा नुसता आकार बदलतं आणि पेशीच्या वाटेवर आणून सोडतं. २००३ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या शास्त्रज्ञांनी ते यीस्टमध्ये चालवून दाखवलं.

इतका वेळ अल्कोहोलबद्दलच बोललो, पण मला जास्त ओढ आहे ती त्यापलीकडच्या गोष्टींची. मुंबईत दर पावसाळ्यात मलेरिया डोकं वर काढतो. त्यातल्या फाल्सिपॅरम या घातक प्रकारावर जगभर जी औषधं देतात, ती आर्टेमिसिनिनपासून बनतात. चीनच्या तू योयो यांनी १९७० च्या दशकात ते एका वनस्पतीतून वेगळं केलं आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण वनस्पती शेतात वाढायला महिने लागतात आणि भाव कधी चढतात, कधी कोसळतात. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या जे कीसलिंग यांच्या गटाने यीस्टकडे पाहिलं. यीस्ट स्वतःच्या पेशीच्या आवरणासाठी एर्गोस्टेरॉल बनवतं, आणि त्या वाटेवर पंधरा कार्बनचा एक पदार्थ तयार होतो. वनस्पतीही नेमकी तिथूनच आर्टेमिसिनिनकडे वळते. त्यांनी वनस्पतीतले जनुक यीस्टमध्ये घातले आणि तो पदार्थ त्या बाजूला वळवला. २००६ मध्ये यीस्टने आर्टेमिसिनिक आम्ल बनवायला सुरुवात केली, २०१३ पर्यंत लिटरला २५ ग्रॅम मिळू लागलं. त्याचं औषध करायची शेवटची पायरी रसायनशास्त्राची. सानोफी कंपनीने उत्पादनही सुरू केलं. मग शेतातल्या आर्टेमिसिनिनचे भाव पडले आणि यीस्टचं महाग ठरलं. विज्ञान खरं ठरूनही बाजारात टिकलं नाही, हे मला अजून चुटपुट लावतं.

त्याच वाटेवरचं फार्नेसीन नावाचं तेलकट रसायन ब्राझीलमध्ये उसाच्या साखरेवर बनवलं गेलं. त्याचे दोन रेणू जोडले की स्क्वालेन होतं, जे क्रीम-लोशनमध्ये घालतात आणि जे मिळवण्यासाठी शार्क मारले जात. हेपटायटिस-बीची लसही यीस्टची. पूर्वी ती संसर्ग झालेल्या माणसांच्या रक्तातून काढत, १९८६ मध्ये अमेरिकेत यीस्टने बनवलेली आली, आणि १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने पिकिया नावाच्या यीस्टमधून बनवून ती भारतात स्वस्त केली.

मग आपल्या डिस्टिलऱ्यांत औषधं का बनवत नाहीत? लसीसारख्या महाग मालात साखरेची किंमत नगण्य असते. एका लिटर इथेनॉलला मात्र किमान दीड किलोच्या आसपास साखर लागते, म्हणून तिथे सगळा खेळ कच्च्या मालाच्या भावाचा. दुसरं, डिस्टिलरीची टाकी निर्जंतुक नसते. आम्लता, वाढतं अल्कोहोल आणि यीस्टचा वेग यांमुळे इतर जिवाणूंना फारसा वाव मिळत नाही. फार्नेसीनला भरपूर हवा लागते, निर्जंतुक टाकी लागते, आणि लाखभर लिटरच्या टाकीत सगळीकडे सारखी हवा पोचवणं हे अवघड अभियांत्रिकीचं काम आहे. तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. आपल्यासाठी काहीतरी बनवणं हे पेशीवर ओझं असतं. एखाद्या पेशीत बदल होऊन ते ओझं उतरलं, की ती इतरांपेक्षा भराभर वाढते आणि काही दिवसांत टाकीभर तिचीच पिल्लं होतात, काहीही न बनवणारी. अल्कोहोलचं तसं होत नाही, कारण ते बनवल्याशिवाय टोपली रिकामी होत नाही.

म्हणून महाराष्ट्राने पुढचा पदार्थ निवडताना हा हिशेब आधी पाहावा असं माझं मत आहे. त्यात एक पदार्थ चपखल बसतो: लॅक्टिक आम्ल, म्हणजे दह्यातलं आम्ल. त्यापासून पीएलए नावाचं, औद्योगिक खतखान्यात कुजणारं प्लॅस्टिक बनतं. उत्तर प्रदेशात बलरामपूर चिनी मिल्सने उसापासून पीएलए करण्याचा कारखाना हाती घेतला आहे. तीन कार्बनच्या तुकड्यावर थेट टोपली रिकामी केली की लॅक्टिक आम्ल होतं. गॅस सुटत नाही, १८० ग्रॅम साखरेतून जास्तीत जास्त १८० ग्रॅम आम्ल मिळू शकतं. आज हे मुख्यतः जिवाणूंकडून करून घेतात, पण स्वतःच बनवलेल्या आम्लात जिवाणू गुदमरतात, म्हणून टाकीत सतत चुना घालावा लागतो, शेवटी गंधकाम्ल घालून आम्ल सोडवावं लागतं, आणि टनामागे जवळपास टनभर जिप्सम उरतं. यीस्टला आम्लता सोसते, आणि लॅक्टिक आम्लाचं एन्झाइम बसवलेली यीस्टं बाहेर कारखान्यांत वापरलीही गेली आहेत. एकच मेख आहे. आम्ल पेशीच्या बाहेर ढकलायला एटीपी खर्च होतं, आणि साखरेतून मिळालेलं जवळपास सगळं त्यातच जातं. यीस्टला जगायला काही उरत नाही. म्हणून टाकीत थोडी हवा सोडावी लागते. ती कमी पडली तर यीस्ट मरतं, जास्त झाली तर साखर नुसतीच जळून जाते.